शनीचा राशीबदल: फळ तारखेवर मोजायचं की अंशांवर?

वक्रगती

२९ मार्च २०२५ च्या रात्री शनी कुंभेतून मीनेत गेला (चित्रापक्षीय निरयन गणितानं, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारानं राशी मोजून). तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे फिरतंय: मकरेची साडेसाती (जन्मस्थ चंद्राची रास, तिच्या मागची आणि पुढची अशा तीन राशींतून शनी जातो तो काळ) संपली, मेषेची सुरू झाली. हे वाक्य अर्धवट आहे. त्यावर विसंबून कुणी विनाकारण धास्तावतं, कुणी विनाकारण निर्धास्त होतं, म्हणून हा धागा.

शनीला राशीचक्राची एक फेरी पुरी करायला सुमारे २९.४६ वर्षं लागतात, म्हणजे राशीला सरासरी अडीच वर्षं. मार्गी (सरळ पुढे जात) असताना जास्तीत जास्त वेगातही तो दिवसाला ७ कलांच्या (६० कला म्हणजे एक अंश) आसपासच सरकतो. कुंभेचे २९ अंश ५९ कला आणि मीनेची ० अंश १ कला यांत अंतर २ कलांचं, म्हणजे शनीच्या सात तासांच्याही आतली चाल. त्या सात तासांत कुणाची साडेसाती संपते आणि कुणाची सुरू होते, हे मला पटत नाही.

साडेसाती चंद्राची असते. मग मोजायची ती चंद्राच्या अंशांपासूनच. जन्मस्थ चंद्राच्या मागे ४५ अंश आणि पुढे ४५ अंश, असा ९० अंशांचा पट्टा धरा. तीन राशी म्हणजेही ९० अंशच, काळ तोच साडेसात वर्षांचा, फक्त तो प्रत्येकाच्या चंद्रावर नीट बसतो. मकर राशीची दोन माणसं घ्या. एकाचा चंद्र मकरेत २ अंशांवर, दुसऱ्याचा २८ अंशांवर. पहिल्याचा पट्टा कुंभेच्या १७ अंशांवर संपतो. शनीनं तो बिंदू मार्च २०२४ मध्येच ओलांडला. दुसऱ्याचा पट्टा मीनेच्या १३ अंशांपर्यंत जातो, आणि तिथे शनी पोचतो एप्रिल २०२६ मध्ये. रास एकच, सुटकेत दोन वर्षांचं अंतर. या दुसऱ्या माणसाला २९ मार्चला "सुटलात" असं सांगणं ही चूक आहे, आणि ती चूक रोज होते.

राशीमान

तुमची कळकळ समजते, पण ज्योतिषाचा पायाच तुम्ही बाजूला सारताय. गोचराची (ग्रहांच्या चालू भ्रमणाची) फळं जुन्या ग्रंथांत स्थानानुसार दिलेली आहेत: चंद्रापासून पहिला, दुसरा, तिसरा शनी. स्थान म्हणजे पूर्ण रास. ४५ अंशांचा हिशेब त्या ग्रंथांत नाही, ती नंतरची सुधारणा आहे. सुधारणा करायला हरकत नाही, पण तिच्या जोरावर मूळ नियमालाच चूक ठरवू नका.

राशीबदलानं काय बदलतं ते तरी बघा. शनी ज्याच्या घरात बसतो तो राशीस्वामी बदलतो. कुंभ शनीची स्वतःची रास, मीन गुरूची. म्हणजे आता शनीची फळं बघताना गुरू कुठे आहे, किती बलवान आहे हे आधी तपासावं लागतं. दृष्ट्या (बसल्या जागेवरून शनीची नजर ज्या राशींवर पडते त्या) एकदम सरकतात. कुंभेतून शनीची तिसरी, सातवी आणि दहावी दृष्टी मेष, सिंह आणि वृश्चिकेवर होती. मीनेतून ती वृषभ, कन्या आणि धनूवर गेली. पूर्ण राशीवर दृष्टी मानणाऱ्याला हा बदल त्याच दिवसापासून धरावा लागतो, त्यात कलांचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, "सात तासांत काय होतं" हा आक्षेपच लागू होत नाही, कारण शास्त्रकारांनीही फळ अमुक तासापासून सुरू होतं असं म्हटलेलं नाही. मुहूर्तचिंतामणीत स्पष्ट सांगितलंय की ग्रह पुढच्या राशीचं फळ आधीच देऊ लागतो: सूर्य ५ दिवस, मंगळ ८ दिवस, बुध आणि शुक्र ७ दिवस, चंद्र ३ घटका, गुरू २ महिने, राहू ३ महिने आणि शनी ६ महिने. मीनेचा शनी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासूनच बोलू लागला होता.

वक्रगती

@राशीमान, हा नियम तर माझ्याच बाजूनं बोलतोय. शनी सहा महिने आधीच पुढचं फळ देतो म्हणजे २९ मार्च ही सीमारेषा नव्हतीच.

त्याच्या जोडीला दुसरा प्रसिद्ध नियम ठेवा. सूर्य आणि मंगळ राशीत शिरताना फळ देतात, गुरू आणि शुक्र मध्यावर, चंद्र आणि शनी राशीतून बाहेर पडताना, बुध सर्वकाळ. शनीसाठी शेवटचे १० अंश महत्त्वाचे. त्या हिशेबानं मीनेच्या शनीचं खरं वजन २० अंशांपुढे, आणि तिथं तो २०२६ च्या जुलैत जेमतेम टेकून वक्री (उलट्या दिशेनं) फिरतो. पूर्ण मुक्काम २०२७ मधला. प्रवेशाच्या दिवशी बारा राशींची फळं वाटून मोकळं होणाऱ्यांनी हे दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत.

गणितपक्ष

वाद फळाचा चाललाय, पण तारीख कुठली ते आधी ठरवा. "शनी मीनेत कधी गेला" याला एकच उत्तर नाही.

सायन गणितानं (राशी वसंतसंपातापासून मोजून) शनी २५ मे २०२५ ला मेषेत गेला, १ सप्टेंबरला वक्री होऊन मीनेत परतला आणि फेब्रुवारी २०२६ च्या मध्याला पुन्हा मेषेत आला. परदेशी ॲपवर "शनी मेषेत" वाचून मेषेवाल्यांनी साडेसातीचा मधला टप्पा मोजू नये. ॲप सायन आहे की निरयन हे सेटिंगमध्ये आधी बघा.

निरयनातही अयनांशांचे (सायन आणि निरयन यांतल्या अंतराचे) पक्ष आहेत. चित्रापक्षाचा अयनांश २०२५ मध्ये सुमारे २४ अंश १२ कला. कॅलेंडर सुधारणा समितीनं २१ मार्च १९५६ साठी २३ अंश १५ कला हे मान धरलं, त्यावरून तो पुढे येतो. रामन अयनांश याहून जवळपास दीड अंशानं कमी. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष जवळपास ४ अंशांनी कमी. कृष्णमूर्ती अयनांश फक्त ६ कलांनी कमी. अयनांश कमी म्हणजे निरयन भोग (राशीचक्रातलं ग्रहाचं स्थान) जास्त, म्हणजे प्रवेश आधी. मार्चमधल्या शनीच्या ७ कलांच्या चालीनं हिशेब करा: कृष्णमूर्तीनं प्रवेश सुमारे १९-२० तास आधी, रामननं सुमारे १२ दिवस आधी, रैवतपक्षानं महिनाभर आधी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

अडीच वर्षांच्या मुक्कामात महिनाभराच्या फरकानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते पायाच्या बाबतीत. शनी सोन्याच्या पायानं आला की लोखंडाच्या, हे ठरतं प्रवेशाच्या क्षणी चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावरून. आपल्या जन्मराशीपासून तो चंद्र १, ६, ११ वा असेल तर सोनं, २, ५, ९ वा असेल तर रुपं, ३, ७, १० वा असेल तर तांबं, ४, ८, १२ वा असेल तर लोखंड. चित्रापक्षानं २९ मार्चला रात्री चंद्र मीनेत होता, त्या दिवशी अमावास्या होती. म्हणजे मीन राशीला पहिला चंद्र, सोन्याचा पाया. रामन अयनांशानं प्रवेश १७ मार्चच्या सुमाराला, आणि तेव्हा चंद्र तुळेत, मीनेपासून आठवा. त्याच माणसाला, त्याच शनीचा, लोखंडाचा पाया. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो आणि शनी २ कला सरकायला सात तास घेतो. इतक्या संथ ग्रहाच्या प्रवेशाच्या क्षणाला इतका चपळ चंद्र बांधला की अयनांशातला थोडासा फरकही सगळं कोष्टक उलटंपालटं करतो. पाया बघणाऱ्यांनी निदान कुठल्या अयनांशानं बघितला ते लिहावं.

अष्टकवर्ग

साडेसाती, अडीचकी (चंद्रापासून चौथा किंवा आठवा शनी), पाया, यांत सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जातं. गोचर प्रत्येकाच्या पत्रिकेवर उतरवायचं साधन आहे ते अष्टकवर्ग (प्रत्येक राशीला मिळालेल्या शुभ बिंदूंचा तक्ता), आणि त्याचा उल्लेखच अजून झालेला नाही.

शनीच्या भिन्नाष्टकवर्गात (एकट्या शनीच्या तक्त्यात) बारा राशींत मिळून ३९ बिंदू असतात. म्हणजे राशीला सरासरी सव्वातीन. पत्रिकेत मीनेला शनीचे ५ किंवा ६ बिंदू असतील तर साडेसातीतही काम उभं राहतं. १ किंवा ० असेल तर चंद्रापासून अकरावा शनीही हात आखडतो. जोडीला सर्वाष्टकवर्ग (सगळ्या ग्रहांच्या तक्त्यांची बेरीज) बघावा. त्यात एकूण ३३७ बिंदू, राशीला सरासरी २८. मीनेला २८ च्या वर असतील तर शनीचा जाच त्या मानानं सौम्य धरतात.

त्याच्याही आत कक्षा आहेत. राशीचे ८ भाग, प्रत्येक ३ अंश ४५ कलांचा. क्रम असा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास). ज्या ग्रहानं शनीच्या अष्टकवर्गात मीनेला बिंदू दिलाय, त्याच्या कक्षेतून शनी जाताना काळ हलका. २०२५ मधला शनी यासाठी नीट बघण्यासारखा आहे. तो १३ जुलैला ७ अंश ४३ कलांवर वक्री झाला आणि २८ नोव्हेंबरला ० अंश ५६ कलांवर मार्गी. म्हणजे तिसऱ्या कक्षेत जेमतेम १३ कला डोकावून परत फिरला. पहिल्या दोन कक्षांमध्येच त्यानं फेब्रुवारी २०२६ च्या अखेरपर्यंत, जवळपास अकरा महिने काढले. उरलेले साडेबावीस अंश जून २०२७ पर्यंतच्या पंधरा महिन्यांत. ज्यांच्या पत्रिकेत शनी आणि गुरू दोघांनीही मीनेला बिंदू दिलेला नाही, त्यांना हे अकरा महिने जड. ज्यांना दोघांनी दिलाय त्यांना साडेसाती लागल्याचं जाणवणारही नाही. एका राशीच्या लोकांचे अनुभव इतके वेगळे का, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

पडताळा

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, म्हणूनच विरोध नीट मांडतो.

आतापर्यंत आलेले नियम मोजा. राशीप्रवेशाची तारीख. सहा महिने आधी. शेवटचे १० अंश. चंद्राच्या अलीकडे-पलीकडे ४५ अंश. पाया. बिंदू. कक्षा. चार अयनांश. यांतला एक तरी नियम कुठल्याही घटनेला लागू पडतोच. नोकरी गेली ती शनी मीनेत शिरण्याआधी? सहा महिन्यांचा नियम. नंतर वर्षभरानं? अंशात्मक साडेसाती. वाईट काहीच झालं नाही? बिंदू चांगले होते. घटना घडून गेल्यावर नियम निवडला तर कोणतंही भाकीत चुकत नाही, आणि जे चुकूच शकत नाही त्यातून काही कळतही नाही.

आता प्रमाण बघा. साडेसातीत कायम तीन राशी असतात, म्हणजे ढोबळमानानं दर चौथा माणूस. चौथा आणि आठवा शनी धरला तर बारापैकी पाच राशी, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. आणि चंद्रापासून ३, ६, ११ सोडून बाकी नऊ स्थानं शनीला वाईट हा जुना नियम घेतला तर कुठल्याही क्षणी पाऊण जगाला शनी प्रतिकूल. अशा स्थितीत कुणाचं दुःख शनीच्या वाईट काळात सापडलं तर ती अपेक्षितच गोष्ट आहे. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यातली जवळपास एकोणीस वर्षं साडेसातीतच जातात.

आणि देशाचं, जगाचं भविष्य "मागच्या वेळी मीनेत शनी असताना काय झालं" यावरून सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की १९०० पासून शनी मीनेत पाचच वेळा आलाय, चालू मुक्काम धरून. पाच नमुन्यांवर नियम बसत नाही.

पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच.

राशीमान

@पडताळा, ती चाचणी बुद्धिमत्तेची होती, गोचराची नाही. जन्मपत्रिकेवरून बुद्धी ओळखणं वेगळं आणि शनीच्या राशीबदलाचा काळ ओळखणं वेगळं. त्या निकालावरून या धाग्यातल्या एकाही नियमाचा निर्णय होत नाही.

नियम खूप आहेत हे खरं. पण त्यांना क्रम आहे, ते हवे तसे उचलायचे नसतात. आधी महादशा-अंतर्दशा (जन्मनक्षत्रावरून ठरणारे ग्रहांचे कालखंड). दशेत जे नाही ते गोचर देत नाही. मग चंद्रापासून स्थान. मग वेध: तिसऱ्या शनीला बाराव्याचा, सहाव्याला नवव्याचा, अकराव्याला पाचव्याचा. शनी शुभ स्थानी असला आणि वेधस्थानी दुसरा ग्रह असला तर शुभ फळ अडतं, मात्र शनीला रवीचा वेध नाही. मग बिंदू. या क्रमानं जाणारा माणूस घटना बघून नियम निवडत नाही. क्रम न पाळणाऱ्यांमुळे शास्त्राची बदनामी होते, याचं दुःख आम्हालाही आहे.

पडताळा

मान्य, ती चाचणी गोचराची नव्हती. तो मुद्दा मी मागे घेतो. पण मग गोचराची चाचणी व्हायला हवी, आणि तुमचा क्रम आधी लिहून ठेवला तर ती होऊ शकते. दशा, स्थान, वेध, बिंदू, एक अयनांश, आणि "त्रास" म्हणजे नेमकं काय याची व्याख्या. "मानसिक ताण" चालणार नाही, तो सगळ्यांनाच असतो. नोकरी सुटणं, इस्पितळात दाखल होणं, घर बदलणं, अशा तारीख लावता येणाऱ्या गोष्टी हव्यात. आणि भाकीत करणाऱ्याला घटना माहीत असता कामा नये.

मेषचंद्र

व्यवहाराचं विचारतो. पत्रिकेत चंद्र मेषेत २७ अंशांवर असेल तर साडेसाती नेमकी कधीपासून धरायची? राशीनुसार ती लागलीय असं सगळे सांगतात.

वक्रगती

@मेषचंद्र, मेषेचे २७ अंश वजा ४५ म्हणजे मीनेचे १२ अंश. शनी तिथे एप्रिल २०२६ च्या पहिल्या पंधरवड्यात येतो. तोवर अंशात्मक साडेसाती नाही. शेवट वृषभ ओलांडून मिथुनेच्या १२ अंशांवर, म्हणजे राशीच्या हिशेबापेक्षा तेवढाच उशिरा. सुरुवात उशिरा तर शेवटही उशिरा, हे विसरू नका.

स्वतः मोजताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, जन्मरास न घेता नावरास घेणं. नाव कधी कधी जन्माक्षरावरून ठेवलेलंच नसतं. दुसरी, चंद्राऐवजी लग्नाचे अंश घेणं. तिसरी, वक्रगती न बघणं. चंद्र मीनेत ४ अंशांवर असेल तर शनी त्याच्यावरून तीनदा गेला: मे २०२५ च्या सुरुवातीला मार्गी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वक्री आणि जानेवारी २०२६ च्या अखेरीला पुन्हा मार्गी. फक्त पहिली तारीख धरून "गेलं एकदाचं" म्हणणाऱ्याची दोन वेळा फसगत होते. जन्मवेळेतल्या दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाला मात्र फार घाबरू नका. चंद्र तासाला साधारण ३३ कला जातो, म्हणजे पाव तासाला ८ कला. शनीला तेवढं कापायला एखादाच दिवस लागतो, वक्री-मार्गी होण्याच्या सुमाराला तो मंदावलेला असेल तर थोडे जास्त. चंद्र राशीच्या अगदी कडेला असेल तरच ती पंधरा मिनिटं रास बदलू शकतात.

गणितपक्ष

राहूबद्दलही हेच. मध्यम राहू (सरासरी गतीनं मोजलेला) १८ मे २०२५ ला कुंभेत गेला, स्पष्ट राहू (प्रत्यक्ष गतीनं मोजलेला) २९ मे ला. अकरा दिवसांचा फरक, दोन्ही तारखा बरोबर. पंचांगात कुठला राहू वापरलाय ते बघितल्याशिवाय "तारीख चुकली" म्हणू नका. गुरूचा तर २०२५ मध्ये वेगच इतका होता की १४ मे ला मिथुनेत आलेला गुरू ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कर्केत पोचला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वक्री होऊन परत मिथुनेत. राशीमानांना विचारतो: कर्केतल्या त्या दीड महिन्याचं फळ पूर्ण राशीचं धरायचं का?

राशीमान

नाही, पूर्ण राशीचं धरायचं नाही. अतिचारी (नेहमीपेक्षा वेगानं पुढच्या राशीत गेलेल्या) आणि पुन्हा वक्री झालेल्या गुरूला त्या राशीचं फळ देण्याची उसंतच मिळत नाही. मुख्य मुक्काम २ जून २०२६ पासूनचा. तोच धरायचा.

वक्रगती

मग हाच न्याय शनीला लावा. ३ जून २०२७ ला शनी मेषेत जाईल, २० ऑक्टोबरला वक्री होऊन मीनेत परत येईल आणि २३ फेब्रुवारी २०२८ ला पुन्हा मेषेत. जूनच्या त्या तारखेला "कुंभेची साडेसाती संपली" हे वाक्य पुन्हा फिरेल. ऑक्टोबरमध्ये त्याच कुंभेवाल्यांना ती परत लागली असं सांगणार का?

राशीमान

सांगावं लागेल, आणि मी सांगेन: अंतिम सुटका फेब्रुवारी २०२८. जूनमध्ये जे सुटल्याचं जाहीर करतील ते माझ्या पद्धतीनंही चूकच ठरतील. पण अंश बघून नव्हे. शनी त्या राशीत स्थिर झालेला नसतो, म्हणून.

पडताळा

मग ३ जून २०२७ ते २३ फेब्रुवारी २०२८ हाच काळ चाचणीला घ्या. राशीमान यांच्या मते कुंभेला फेब्रुवारीपर्यंत त्रास, चंद्राचे अंश कितीही असोत. वक्रगती यांच्या मते ज्याचा चंद्र कुंभेत ५ अंशांवर, तो शनीनं मीनेचे २० अंश कायमचे मागे टाकल्यावर सुटला, आणि ज्याचा २८ वर, तो २०२८ च्या फेब्रुवारीतही सुटलेला नाही. दोन पद्धती, दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. चित्रापक्षीय अयनांश धरून, घटनांची व्याख्या ठरवून, दोघांनीही आपापली भाकितं इथेच मे २०२७ च्या आत लिहावीत.

वक्रगती

लिहितो. कुंभेत ० ते १० अंश आणि २० ते ३० अंश असे दोन गट करू, मधले सोडून देऊ. जन्मवेळ नोंदीतली हवी, आठवणीतली नको.

राशीमान

माझी अट एकच. दोन्ही गटांत त्या काळात शनीची महादशा किंवा अंतर्दशा असलेले लोक वेगळे काढा. नाहीतर दशेचं फळ गोचराच्या खात्यावर जमा होईल.